नाताळचा फराळ, नाशिकची थंडी आणि सासूबाईंची मूठ

पत्र: "आम्ही शरणपूर रोडला राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. नाताळचं सगळं आजवर सासूबाईंनीच केलं. यंदा त्यांचं मनगट प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे सगळं माझ्याकडे आलंय. मी अंबडला कंपनीत जाते, सुट्टी फक्त रविवारची आणि २५ तारखेची. गेल्या वर्षी हौसेने केक केला, तर फळं तळाला, मध्ये खड्डा आणि आत कच्चा. करंज्या केल्या त्या चार दिवसांत मऊ पडल्या. सासूबाईंना प्रमाण विचारलं की म्हणतात, 'मुठीनं घ्यायचं गं, अंदाजानं.' सोसायटीत बहुतेक घरं हिंदू, दोन घरी अंडं अजिबात चालत नाही, त्यांच्या ताटात काय घालू? मुलांना येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाणी आणि बाहेर टांगायची चांदणी हवीच. त्यात नाशिकरोडची मैत्रीण म्हणते, करंजी-चकली म्हणजे दिवाळी, नाताळला कुसवार लागतो. सुरुवात कुठून करू? – एक सून, नाशिक"

ताई,

आधी मैत्रिणीचं उत्तर देऊन टाकू, म्हणजे कामांची यादी निम्मी होईल. कुसवार म्हणजे नाताळच्या गोडाधोडाचं ताट, ते गोवा-मंगळूरकडचं. नाशिकरोडला त्या बाजूची बरीच कुटुंबं आहेत, त्यांच्या घरी नेवऱ्या, दोदोल, कलकल होणारच. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात उभी केली. तिथली बहुतेक माणसं इथलीच, देशावरची, आणि त्यांच्या नाताळात करंजी, चकली, शंकरपाळेच असतात. तुमच्या सासूबाई करतात तोच तुमच्या घरचा नाताळ. मैत्रिणीकडून दोदोलची एक वडी हक्काने मागून घ्या आणि तुम्ही तिला करंज्या द्या.

यंदा चारच पदार्थ धरा: करंजी, शंकरपाळे, एक तिखट आणि केक. लाडू, अनारसे, चिरोटे पुढच्या वर्षी. नोकरी सांभाळून आठ पदार्थ करणाऱ्या बायका असतात, पण त्या दरवर्षी करत आलेल्या असतात.

आता वेळेचं. तुम्हाला रविवारच मिळतात, आणि नाताळच्या आधी आगमनकाळाचे चार रविवार येतातच. पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान पडतो, चौथा १८ ते २४ च्या दरम्यान. पहिल्या रविवारी सामान आणायचं आणि चांदणी लावायची. दुसऱ्या रविवारी सासूबाईंचं प्रमाण लिहून घ्यायचं आणि एक छोटा घाणा करून बघायचा. तिसऱ्या रविवारी शंकरपाळे, चकली आणि गव्हाणीसाठी गहू पेरणं. चौथ्या रविवारी करंजी आणि केक (रमचा असेल तर तो दुसऱ्याच रविवारी). चौथा रविवार २४ तारखेलाच येत असेल तर करंज्या तिसऱ्या रविवारी उरकून घ्या. सुक्या खोबऱ्याची करंजी नीट झाली तर पंधरा दिवस सहज टिकते. ती का टिकली नाही ते पुढे येतंच आहे.

तुमचे गेल्या वर्षीचे दोन्ही घोटाळे काही अंशी थंडीचे आहेत. केकच्या बहुतेक कृती मुंबई-वसईच्या हवेत लिहिलेल्या असतात. त्यात 'लोणी बाहेर ठेवून मऊ करा' असं असतं, आणि तिथे ते अर्ध्या तासात होतंही. नाशकात डिसेंबरात रात्रीचा पारा अनेकदा दहाच्या खाली जातो, निफाडला तर त्याहून खाली. सकाळी सातला आपल्या ओट्यावर ठेवलेलं लोणी दहा वाजेपर्यंत दगडच राहतं. सोपी खूण सांगते: डोक्याला लावायचं खोबरेल तेल बाटलीत थिजलंय का बघा. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. ते थिजलेलं असेल तर त्या दिवशी लोणी, अंडी, दूध, मोहन, सगळं कोमट करूनच कामाला लागायचं.

मुठीचा प्रश्न अगदी सुटणारा आहे. पाच किलोपर्यंतचा, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकाचा काटा आणा. त्यावर रिकामी परात ठेवून काटा शून्यावर घ्या. सासूबाईंचा जो हात मोकळा असेल त्याने त्यांना नेहमीसारखं घालू द्या: मुठीने खोबरं, वाटीने साखर, चिमटीने वेलची. प्रत्येक वेळी आकडा लिहायचा. डावा हात असेल तर त्या म्हणतील, 'या हाताची मूठ लहान आहे.' मग अजून अर्धी घालतील, तीही लिहा. मोहन मुरवलेलं पीठ त्यांच्या तळव्यावर द्या आणि 'बस' म्हणाल्या की थांबा. पीठ दाबल्यावर मूठ वळते आणि बोटाने टोचलं की मोडते, तो क्षण त्यांच्या हाताला बरोबर कळतो, कागदावर तो उतरवता येत नाही. एका दुपारी घरचं प्रमाण कायमचं हातात येतं आणि त्यांनाही बाजूला बसवल्यासारखं वाटत नाही.

तोवर हाताशी असावं म्हणून करंजीचं एक खात्रीचं प्रमाण देते, साधारण चाळीस करंज्यांचं. पारीला बारीक रवा २५० ग्रॅम, मैदा २५० ग्रॅम, मोहनाला तूप ७५ ग्रॅम, चिमूट मीठ आणि भिजवायला पाव लिटरच्या आसपास कोमट दूध. सारणाला किसलेलं सुकं खोबरं २५० ग्रॅम, पिठीसाखर २२५ ग्रॅम, भाजलेला बारीक रवा ५० ग्रॅम, भाजलेली खसखस ३० ग्रॅम, वेलची-जायफळ, हवी तर चारोळी.

तूप धूर येण्याआधीपर्यंत कडक तापवून पिठावर ओता आणि लगेच चोळायला घ्या. थंडीत मोहन पिठाला लागायच्या आत थिजतं, त्याच्या गाठी होतात, आणि मग कुठे पारी कडक तर कुठे तेलकट. पीठ घट्ट भिजवा आणि ओल्या फडक्याखाली दोन तास मुरू द्या. रवा फुगायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर खलबत्त्यात कुटा किंवा पाट्यावर चेचा. फूडप्रोसेसरमध्ये थोडं थोडं फिरवलं तरी चालतं.

खोबरं मंद आचेवर सात-आठ मिनिटं कुरकुरीत होईपर्यंत परता, रंग बदलू देऊ नका. ते पूर्ण गार झाल्याशिवाय साखर घालायची नाही. कोमट खोबऱ्यात पिठीसाखर पाझरते, सारण ओलसर होतं आणि ती ओल पुढे पारीत उतरते. ओल्या नारळाची करंजी चविष्ट असते, पण दोन दिवसांत संपवायची. ती साठवणीत धरूच नका.

करंज्या मऊ पडण्याचं मोठं कारण तळण्यात असतं. तेल फार तापलेलं असलं की पारी वरून लगेच रंगते आणि आतल्या थरात पाणी राहून जातं. पहिल्या दिवशी करंजी छान लागते, तिसऱ्या दिवशी ते पाणी बाहेर येतं. पिठाची छोटी गोळी तेलात टाका. ती तळाशी क्षणभर थांबून सावकाश वर आली तर आच बरोबर. टाकताक्षणी वर उडाली तर गॅस बारीक करून थांबा. एका वेळी पाच-सहाच करंज्या, आणि एका घाण्याला सहा-सात मिनिटं. कंटाळा येतो, पण याला तोड नाही.

दुसरं कारण पुन्हा थंडी. तळलेली करंजी अर्ध्या तासात हाताला गार लागते, पण आतलं सारण अजून कोमट असतं. तेव्हा डबा बंद केला की आत वाफ धरते. चाळणीवर उभ्या लावून चार तास तशाच ठेवा, मग एक मधोमध मोडून सारणाला बोट लावून बघा. ते गार असेल तरच डबा भरायचा. तरीही एखादा घाणा मऊ पडलाच तर १२० अंशांवर दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा आणि पुन्हा पूर्ण गार करा. बऱ्यापैकी परत येतो.

फुटणाऱ्या करंज्यांचं म्हणाल तर सारण दीड चमच्याहून जास्त नको, कडेला दुधाचं बोट फिरवायचं आणि दाबून मगच कातणं चालवायचं. लाटलेल्या पाऱ्या उघड्या ठेवू नका. आपली डिसेंबरची हवा कोरडी, पाच मिनिटांत कडा सुकतात आणि मग काही केल्या चिकटत नाहीत. कडा दाबायचं काम मुलांना द्या.

शंकरपाळे सोपे आहेत: एक वाटी दूध, एक वाटी साखर, पाऊण वाटी तूप एकत्र गरम करून साखर विरघळवा, कोमट झालं की मावेल तेवढा मैदा. साडेचार-पाच वाट्या लागतो. चकलीची भाजणी सरळ विकत आणा, यात कमीपणा काही नाही. फक्त ती कडकडीत मोहन घालून गरम पाण्याने भिजवा आणि एका वेळी दोन सोऱ्यांपुरतीच. गार झालेल्या पिठाची चकली सोऱ्यातून तुटत पडते आणि सगळे भाजणीला नावं ठेवतात.

आता केक. २० सेंटिमीटरच्या, म्हणजे आठ इंची खोल डब्याचं प्रमाण घ्या.

सुका मेवा एकूण ५०० ग्रॅम: बिनबियांचे काळे मनुके २००, बेदाणे १५०, खजूर ७५, संत्र्याची पाकवलेली साल किंवा टूटीफ्रूटी ७५. बेदाण्यासाठी लांब जायला नको, पिंपळगाव-दिंडोरीचा माल रविवार कारंज्यावर मिळतो. मात्र त्याला बारीक देठ असतात आणि धूळही. निवडून, कोमट पाण्यात दोनदा धुऊन, फडक्यावर पसरून वाळवून घ्या. केक खाताना दाताखाली येणारा कचकचीतपणा बहुधा या न काढलेल्या देठांचा असतो.

भिजवण्याचे दोन रस्ते आहेत. रम घरात चालत असेल तर १५० मिलिलिटर रममध्ये पहिल्याच रविवारी भिजवून काचेच्या बरणीत ठेवा. घरात दारू वर्ज्य असेल, जशी आपल्याकडच्या चर्चच्या कितीतरी मंडळ्यांमध्ये असते, तर २०० मिलिलिटर द्राक्षाच्या किंवा संत्र्याच्या रसात मेवा पाच मिनिटं मंद उकळा, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वापरा. रसात भिजवलेला मेवा तीन आठवडे ठेवायचा नाही. तो आंबतो, आणि 'थंडी आहे, काही होत नाही' म्हणणाऱ्यांचाच आंबतो. सटाणा-कळवणकडची आगाप द्राक्षं डिसेंबरात बाजारात दिसायला लागतात. त्यांचा घरी काढलेला रस वापरायचा तर त्यातली साखर आणि आंबटपणा चाखून घ्या. फार आंबट असेल तर संत्र्याचा बरा.

बाकीचं साहित्य: बिनमिठाचं लोणी २०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, अंडी ४, मैदा २२५ ग्रॅम, बदामाची पूड ५० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, चिमूट मीठ, दालचिनी-लवंग-जायफळ-सुंठ मिळून दीड चमचा पूड. काळपट रंगासाठी १०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात कोरडी वितळवा, गडद तपकिरी होऊन कडेने धूर यायला लागला की गॅस बंद करा आणि ८० मिलिलिटर गरम पाणी हळूहळू ओता. जोरात उसळतं, तोंड लांब ठेवा आणि मुलांना बाहेर पाठवा. हा पाक पूर्ण गार करून वापरायचा.

लोण्याचे बोराएवढे तुकडे करून भांडं कोमट पाण्यावर ठेवा. बोट दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण वितळून चकाकी येता कामा नये. वितळलेल्या लोण्यात हवा धरत नाही. अंडी कवचासकट कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. मग लोणी-साखर पांढरट, हलकी होईपर्यंत फेटा. बीटरने सहा-सात मिनिटं, हाताने पंधरा. एकेक अंडं घाला आणि प्रत्येक अंड्यानंतर नीट एकजीव करा. थंड अंडं पडलं की लोणी पुन्हा थिजतं, मिश्रण फाटून कण्या दिसतात आणि फेटून धरलेली हवा जाते. गेल्या वर्षी तुमचं मिश्रण असं फाटलं होतं का, आठवून बघा. फाटलंच तर भांडं अर्धा मिनिट गरम पाण्यावर धरून, एक चमचा मैदा घालून फेटा. सावरतं.

यानंतर पाक, मग चाळलेला मैदा-मसाला-बदाम दोन भागांत, उलथन्याने खालून वर घेत. आता फेटायचं नाही. मेव्यातला रस चाळणीवर निथळून, वरच्याच मैद्यातला दोन मोठे चमचे बाजूला काढलेला मैदा त्याला चोळून शेवटी घाला. निथळलेला रस फेकू नका, पण 'वाया कशाला' म्हणून मिश्रणातही ओतू नका. फळं तळाला बसतात ती त्या पातळपणामुळेच. मिश्रण इतकं घट्ट हवं की चमचा उचलून झटकल्याशिवाय पडू नये. तेवढं घट्ट नसेल तर नुसत्या मैदा चोळण्याने काही होणार नाही.

डब्याला आतून बटरपेपरचे दोन थर, कडेला डब्यापेक्षा इंचभर उंच. बाहेरून जाड तपकिरी कागदाची चौपदरी पट्टी सुतळीने बांधा. ओव्हनच्या सळ्यांना मात्र ती टेकता कामा नये. मिश्रण पाऊण डब्यापर्यंत भरून चमच्याच्या पाठीने मधोमध थोडं खोलगट करा. ओव्हन पंधरा मिनिटं तापवलेला हवा, खालची-वरची दोन्ही कॉइल सुरू, जाळी खालच्या खणात, आच १५० अंश. पावणेदोन ते दोन तास लागतात. सव्वा तासानंतर वर फॉइल सैल झाका. पहिला सव्वा तास दार उघडायचं नाही. दीड तासाला विणकामाची बारीक सुई मधोमध खुपसून बघा. ओलं पीठ लागलं तर आणखी पंधरा मिनिटं.

तुमचा केक १८० वर भाजला असणार, साध्या स्पंज केकसारखा. एवढा जड केक १८० वर वरून अर्ध्या तासात काळा होतो, आपण घाबरून काढतो, आणि आतलं पीठ तसंच राहतं. बाहेर येताच मध्यभाग खाली बसतो, तोच तुमचा खड्डा. दुसरं कारण जास्त बेकिंग पावडर: भरकन फुगतो आणि धरायला काही नसल्याने बसतो. अर्धा चमचा म्हणजे अर्धाच. कापल्यावर आत ओलं दिसलं तर निराश होऊ नका, फाका करून १४० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं भाजून घ्या आणि चहाबरोबर संपवा.

टिकण्याचं गणित भिजवण्यावर अवलंबून आहे. रमचा केक दुसऱ्या रविवारी भाजून, बटरपेपर आणि फॉइलमध्ये गुंडाळून, आठवड्याला एक चमचा रम वरून शिंपडत २५ पर्यंत मुरवा. चवीत खूप फरक पडतो. रसाचा केक चौथ्या रविवारीच करा. घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस बाहेर राहतो, त्यापुढे फ्रिज. उघडा ठेवला तर आपल्या कोरड्या हवेत एका रात्रीत कडा सुकतात.

शेजारच्या दोन घरांसाठी खजुराचा बिनअंड्याचा केक करा. बिया काढलेला खजूर १५० ग्रॅम, १८० मिलिलिटर गरम दुधात तासभर भिजवून १२० ग्रॅम साखरेबरोबर वाटा. त्यात ११० मिलिलिटर बिनवासाचं तेल, १३० ग्रॅम मैदा आणि एक सपाट चहाचा चमचा खायचा सोडा. सात इंची डबा, १७५ अंश, ३५ ते ४० मिनिटं. मोठ्या केकच्या आधी हा करा, म्हणजे भांडी, बीटर, डबा सगळं कोरं असतं आणि शेजारच्या काकूंनी विचारलं तर छातीठोकपणे सांगता येतं. फराळाचं तेलही नवं घ्या, आदल्या दिवशी मासे तळलेलं नको. न विचारताच सांगायची सवय ठेवा: 'काकू, यात अंडं नाही आणि करंजी ताज्या तेलातली आहे.' विचारायला माणसं संकोचतात, आणि मग ताट तसंच कामवाल्या मावशींकडे जातं.

मार्गशीर्षातले गुरुवार बरेचदा डिसेंबरात येतात. कॅलेंडर बघून ठेवा. २५ तारखेला शेजारी उपवास किंवा एकादशी असेल तर ताट डब्यातूनच द्या आणि सांगा, उद्या खाल्लं तरी चालेल असंच सगळं आहे. दिवाळीला त्यांच्याकडून आलेला डबा अजून आपल्या कपाटात असेल, तोच भरून पाठवा.

गव्हाणीसाठी विकतचा प्लास्टिकचा संच आणू नका. खोक्याचं पुठ्ठा-छप्पर, वर पेंढा, आणि भोवती खरे गव्हाचे हिरवे अंकुर. घटस्थापनेला शेजारी पेरतात तसंच हे पेरायचं. गहू बारा तास भिजवा, ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवा, मोड डोकावले की उथळ ट्रेमध्ये इंचभर मातीवर दाट पसरा. दोन दिवस अंधारात झाकून मग खिडकीत. नवरात्रात आठ दिवसांत येणारी उंची थंडीत दहा-बारा दिवस घेते, म्हणून तिसऱ्या रविवारी पेरायचेच, आणि चौथा रविवार २० तारखेच्या पुढे येत असेल तर दुसऱ्याच रविवारी. फार थंडी पडली तर रात्री ट्रे स्वयंपाकघरात घ्या. पाणी फवाऱ्याने. तांब्याने ओतलं की दाणे कुजतात आणि पांढरी बुरशी येते.

गव्हाणीची प्रथा आसिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात मांडलेल्या देखाव्याशी जोडली जाते, आणि त्याने खरा बैल व गाढव उभं केलं होतं, हे मुलांना सांगा, ती खूश होतील. बाळ येशू २४ च्या रात्रीच गव्हाणीत ठेवायचा, तोवर ती रिकामी. बाळाच्या दर्शनाला येणारे ज्ञानी लोक घराच्या दुसऱ्या टोकाला, टीव्हीजवळ वगैरे उभे करा आणि रोज थोडे पुढे सरकवा, ६ जानेवारीला पोचतील. पेंढ्याजवळ मेणबत्ती नको, अगदी 'दोन मिनिटं' सुद्धा नको. सेलवरचे एलईडी दिवे पुरतात.

चांदणीत बल्ब एलईडीचा, ५ ते ७ वॉटचा. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब कागद तापवून जाळू शकतो. चांदणीचा भार वायरवर टाकू नका, नायलॉनच्या दोरीने टांगा. वायर होल्डरच्या खाली लोंबेल असा तिचा एक वळसा सोडा आणि मग घरात घ्या. पहाटे पडणारं दव वायरीवरून ओघळून वळशाच्या तळाशी गळतं, होल्डरमध्ये शिरत नाही. जोड बाल्कनीत उघडा ठेवू नका. कोपऱ्यांना दोन बारीक दोऱ्यांचा ताण दिला की वाऱ्याने गरगरत नाही.

नाताळची गाणी म्हणत घरोघरी फिरणारी कॅरलची मंडळी कोणत्या रात्री येणार हे चर्चमध्ये आधीच विचारून ठेवा. पंचवीस जणांच्या चहाला दीड लिटर दूध, सव्वा लिटर पाणी, ६० ते ७० ग्रॅम चहा पावडर, २०० ग्रॅम साखर आणि भरपूर आलं. सोबत चिवडा. करंज्यांचा डबा त्या रात्री काढू नका, काढलात तर २५ ला मोजून चार उरतील. लाउडस्पीकर रात्री दहानंतर चालत नाही, पण ढोलकी-झांजेवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं त्याच्याशिवायच जास्त रंगतात.

२४ च्या रात्रीच्या उपासनेहून परतायला एक तरी वाजतो. शरणपूरच्या सेंट अँड्र्यूजला जा किंवा त्र्यंबक नाक्याच्या होली क्रॉसला, गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षा बरी. मटण २४ च्या संध्याकाळीच आणून आलं-लसूण-दही लावून फ्रिजमध्ये ठेवा. २५ च्या सकाळी दुकानापुढच्या रांगेत तास जातो.

राहिला ओव्हन. तुमच्याकडे कोणता आहे ते पत्रात नाही. १६-२० लिटरचा छोटा असेल तर वरची कॉइल केकच्या डोक्याला लागते. मग हेच मिश्रण सहा इंची दोन डब्यांत वाटा आणि सव्वा तासापासून सुई लावून बघा. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये हा केक करू नका, दोन तासांत तळ करपतो. ओळखीच्या बेकरीत भट्टीवर भाजून देतात का विचारा, मात्र २० तारखेच्या आत, नंतर त्यांनाच दम नसतो. ओव्हन १५ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा आणि तो सुरू असताना गिझर लावू नका. फ्यूज उडाला आणि दहा मिनिटं आच गेली तर केक बसतोच. नवा घेणार असाल तर २८-३० लिटरचा घ्या आणि दुसऱ्या रविवारच्या आत आणा, म्हणजे खजुराच्या केकवर त्याची आच ओळखून घेता येईल. २३ तारखेला खोक्यातून काढलेल्या ओव्हनवर चार अंडी आणि अर्धा किलो मेवा लावू नका.